पोटातील सोबती

वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत दिवेलागणीला चुली पेटतात. तव्यावर ज्वारीची भाकर फुगते, शेजारी तुरीचे वरण रटरटते, अंबाडीच्या भाजीचा आंबटसर वास घरभर पसरतो. मुले व कर्ती माणसे जेवावयास बसतात. परंतु कोपऱ्यात बसलेल्या वृद्ध आजीपुढे पुष्कळदा निराळेच ताट येते. दात नाहीत म्हणून भाकर नको, चावत नाही म्हणून भाजी नको. चहात बुडविलेली दोन बिस्किटे किंवा मूठभर मऊ भात, एवढेच तिचे जेवण होऊन बसते. "म्हातारपणी कितीसे लागते?" असे घरचे म्हणतात आणि आजीही तेच म्हणते.

पण आजी एकटी जेवत नसते. प्रत्येक माणसाच्या पोटात असंख्य सोबती त्याच्याबरोबर जेवत असतात. आजीचे ताट आखडले की त्यांचेही ताट आखडते.

हे सोबती म्हणजे आतड्यांतील सूक्ष्मजंतू होत. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी सूक्ष्मजंतू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही जवळपास तेवढीच आहे. यांतील बहुतेक सूक्ष्मजंतूंची वस्ती सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात असते. ज्वारीचा कोंडा, हरभऱ्याची साल, पालेभाज्यांतील तंतू हे आपल्या पाचकरसांनी पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि तेथे सूक्ष्मजंतू त्यांना आंबवितात. त्यातून काही आम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्ल हे त्यांपैकी एक. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य अन्न आहे. ते मिळाले की अस्तर बळकट राहते आणि अपायकारक पदार्थांना रक्तात शिरण्यास अटकाव होतो. तंतू मिळाले नाहीत तर काय होते? उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, उपाशी सूक्ष्मजंतू अस्तरावरील बुळबुळीत थरच खाऊ लागतात. भुकेला पाहुणा घराची भिंत कुरतडू लागावा, तसाच हा प्रकार!

वार्धक्याचा आणि या सोबत्यांचा संबंध प्रथम जगापुढे मांडला तो एली मेच्निकॉव्ह या शास्त्रज्ञाने. तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असे. शरीर रोगजंतूंशी कसे लढते, या शोधासाठी त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मोठ्या आतड्यातील सडण्याच्या क्रियेमुळे माणूस लवकर म्हातारा होतो, असे त्याचे मत होते. बल्गेरियातील शेतकरी आंबविलेले दूध खाऊन दीर्घायुषी होतात, असे ऐकून तो स्वतःही ते नित्य घेऊ लागला. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, तो वारला. आयुष्य वाढविण्याचे रहस्य एकाच पदार्थात नाही, हे आज सर्वमान्य आहे. तथापि आहार, सूक्ष्मजंतू आणि वार्धक्य यांचा संबंध आहे, ही त्याची मूळ कल्पना मात्र पुढील संशोधकांनी उचलून धरली.

पुण्यातील संशोधकांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या निरोगी कुटुंबांचा अभ्यास करून तो २०१२ साली प्रसिद्ध केला. घर एक असूनही तीन पिढ्यांतील माणसांच्या वयांप्रमाणे सूक्ष्मजंतूंचे प्रमाण निरनिराळे आढळले. त्याच वर्षी आयर्लंडमधील १७८ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपापल्या घरी राहणाऱ्यांचा आहार विविध होता आणि त्यांच्या आतड्यांतील सूक्ष्मजंतूही नाना प्रकारचे होते. शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहणाऱ्यांच्या आहारात विविधता कमी होती, सूक्ष्मजंतूंचे प्रकारही कमी होते, आणि अशक्तपणा अधिक होता. केवळ आहारामुळेच हे घडले, असे म्हणता येत नाही. परंतु ताटातील विविधता आणि वृद्धांचे आरोग्य या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, एवढे त्यातून दिसते.

वाशीमच्या शिवारात पूर्वी ज्वारीची कणसे दूरवर डोलत असत. आज तेथे सोयाबीनची शेते पसरली आहेत व ज्वारीचा पेरा उणावला आहे. शेतातून गेलेले धान्य ताटातूनही हळूहळू जाते. तरीही तूर आहे, हरभरा आहे, पावसाळ्यात बांधावर उगवणारी तरोट्याची भाजी आहे, आणि घरोघरी दह्याचे विरजण आहे.

मग दात नसलेल्या आजीने काय करावे? याचे उत्तर जुन्या स्वयंपाकघरातच आहे. ज्वारी भरडून मऊ शिजविलेल्या कण्या ताकाबरोबर खाण्यास दातांची गरज नसते. आंबील पिता येते, वरण घोटता येते, पालेभाजी बारीक चिरून गाळ शिजविता येते. ज्यांना एखादा विकार असेल, त्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा, हे खरेच. पण ज्यांना फक्त चावता येत नाही, त्यांना उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

म्हातारपण कोणाला टळत नाही. परंतु जिने साऱ्या घराला जन्मभर वाढले, तिच्या ताटात चार पदार्थ पडतात की नाही, हे पाहणे घरातील लहानग्यालाही जमण्याजोगे आहे. त्या ताटावर आजीबरोबर तिचे असंख्य मुके सोबतीही जेवत असतात.