विटा बघून झाल्या, आता हिशेब बघ

चि. सोनूस,


प्रिंटर्स रोमधल्या त्या लॉफ्टचे फोटो बघितले. घर तुला का आवडलं ते लगेच कळलं. उंच छत, उघड्या विटांची भिंत, कवेत मावणार नाही असा लाकडी खांब, आणि शिकागोच्या जानेवारीतही घर उजळून टाकेल अशी खिडकी. तू हे घर घेऊ नकोस असं सांगायला मी बसलेली नाही. मी याच भागात राहते, आमच्या इमारतीच्या घरमालकांच्या असोसिएशनची खजिनदारी केलेली आहे, आणि हा भाग मला फार प्रिय आहे. म्हणूनच ऑफर देण्याआधी तुझ्याशी नीट बोलायचं आहे.

तू एक घर घेते आहेस असं तुला वाटतंय. प्रत्यक्षात तू शंभरी ओलांडलेल्या एका इमारतीत अनोळखी माणसांबरोबर भागीदार होणार आहेस. छप्पर, लिफ्ट, बाहेरची भिंत, तळघरातले पाइप, या सगळ्याची तू तुझ्या टक्क्यापुरती मालकीण होशील. विक्रेता तुला दाखवतो ती विटांची भिंत. तुझी पुढची दहा वर्षं ठरणार आहेत ती मात्र या भागीदारीच्या हिशेबावर, आणि तो हिशेब कुणी आपणहून दाखवत नाही.

आधी इमारतीबद्दल, कारण तिचे गुणदोष तिच्या जन्मातच आहेत. 1871 च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, त्यानंतर इथे जाड विटांची बांधकामं आली. 1885 मध्ये डिअरबॉर्न स्टेशन सुरू झालं आणि त्याच्या आसपास छपाईचे कारखाने गोळा झाले. कागद रेल्वेने यायचा, छापलेला माल रेल्वेनेच देशभर जायचा. खिळे जुळवायला, प्रुफं तपासायला उजेड हवा म्हणून खिडक्या मोठ्या. अवजड यंत्रं पेलायची म्हणून खांब आणि तुळया दणकट. पुढे छापखाने शहराबाहेरच्या पसरट, एकमजली जागांत गेले, 1971 मध्ये स्टेशनही बंद पडलं, आणि सत्तरीच्या अखेरीपासून या रिकाम्या इमारतींत घरं होऊ लागली. म्हणजे ही बांधणी यंत्रांसाठी झाली, झोपणाऱ्या माणसांसाठी नव्हे. लाकडी लॉफ्टमध्ये तुझ्या छताच्या फळ्या हीच पुष्कळदा वरच्या बिऱ्हाडाची जमीन असते. वरच्याने खुर्ची सरकवली तरी तुला कळतं. म्हणून ते घर रविवारी दुपारी एकदा बघून ठरवू नकोस. कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर बघायला मिळेल का ते विचार, आणि पंधरा मिनिटं गप्प बसून ऐक. झोपायच्या खोलीची भिंत छताला टेकली आहे की मध्येच संपली आहे, त्या खोलीला खिडकी आहे की नाही, तेही बघ. बाहेरच्या विटांच्या भिंतीला आतून हात लावून बघ. आतून विटा उघड्या ठेवल्या म्हणजे तिथे थंडी अडवणारा थर नाही, आणि त्याचे पैसे हिवाळ्याच्या बिलात जातात. इमारत शहराच्या लँडमार्क यादीत असेल तर खिडक्या बदलायलाही शहराच्या लँडमार्क आयोगाची संमती लागते, तेव्हा तेही विचारून घे.

आता हिशेब. यावर मी जास्त बोलणार आहे.

इलिनॉयच्या कॉन्डोमिनियम कायद्यात 22.1 नावाचं कलम आहे. डेव्हलपरकडून नव्हे तर आधीच्या मालकाकडून घर घेताना तू मागितलेस की विक्रेत्याला काही कागद द्यावेच लागतात: असोसिएशनचं डिक्लरेशन, उपविधी, नियम, गेल्या वर्षाचा जमाखर्च, मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या रिझर्व्ह फंडात किती शिल्लक आहे, चालू आणि पुढच्या दोन वर्षांत कोणता मोठा खर्च अपेक्षित आहे, कोर्टात काही चालू आहे का, विमा काय आहे. हे सगळं माग. त्याबरोबर बोर्डाच्या सभांची मिनिट्सही माग. असोसिएशनला सात वर्षांची मिनिट्स जपून ठेवावी लागतात, आणि विक्रेता सभासद असल्यामुळे त्याला ती मिळू शकतात. निदान तीन वर्षांची तरी वाच. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर त्यातूनही काही कळतं.

मिनिट्स वाचणं कंटाळवाणं असतं, पण इमारत खरं बोलते ती तिथेच. छप्पर गळतंय हे किती सभांमध्ये आलं आहे? लिफ्टच्या दुरुस्तीचं कोटेशन मागवलं आणि पुढे त्याचं काय झालं? कुणाकडे किती थकबाकी आहे? वाद एकाच माणसाभोवती फिरतोय का? आमच्याकडे एका तरुण जोडप्याने घर घेतलं आणि काही महिन्यांतच त्यांच्या हातात बाहेरच्या भिंतीच्या दुरुस्तीचं बिल पडलं. ती दुरुस्ती कितीतरी आधीपासून सभांमध्ये चर्चेत होती. कागद मागायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा तो हिवाळा फार ओढग्रस्तीचा गेला. तुझं तसं होऊ नये एवढीच माझी तळमळ आहे.

बाहेरच्या भिंतीचं मुद्दाम सांगते. शिकागोत 80 फूट किंवा त्याहून उंच इमारतींना बाहेरच्या भिंतींची ठरावीक काळाने तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. जुन्या विटा, टेराकोटाची नक्षी, आत गंजलेलं लोखंड, यांतलं काहीही सुटून फुटपाथवर पडू शकतं. फुटपाथवर लोखंडी मांडव उभा दिसला तर तो कशासाठी आहे आणि कधीपासून आहे, हे दरवानाला विचार. समजा भिंतीचं काम 6,00,000 डॉलरचं निघालं आणि तुझा मालकीचा वाटा 1.2 टक्के आहे. तुझ्या नावावर 7,200 डॉलर आले. रिझर्व्हमध्ये पैसे असतील तर ते तिथून जातील. नसतील तर स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, लागेल आणि ती तुला द्यावीच लागेल.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, तिकडच्या सोसायटीचा सिंकिंग फंड चांगला माहीत आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत त्याला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का असा आकडा तरी दिलेला आहे. इलिनॉयचा कायदा फक्त ‘वाजवी’ रिझर्व्ह ठेवा म्हणतो, आणि सभासदांनी दोन तृतीयांश मतांनी ठरवलं तर तेही माफ करता येतं. म्हणून महिन्याचं असेसमेंट, म्हणजे असोसिएशनची वर्गणी, कमी आहे याचा आनंद मानू नकोस. शेजारच्या तशाच इमारतीपेक्षा ते बरंच कमी असेल तर बहुतेक वेळा अर्थ एकच: आजचे मालक उद्याचा खर्च उद्याच्या मालकावर ढकलत आहेत, आणि तो उद्याचा मालक तू आहेस.

फ्लोरिडात सर्फसाइडला 24 जून 2021 रोजी शॅम्प्लेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीचा मोठा भाग रात्री कोसळला आणि 98 माणसं गेली. 2018 मध्येच अभियंत्याने काँक्रीट खराब झाल्याचा अहवाल दिला होता. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर व्हायला 2021 चा एप्रिल उजाडला. तुझ्या लॉफ्टची इमारत अगदी वेगळ्या धाटणीची आहे, तुला भीती घालायची नाही. पण पैसे काढायला कुणी तयार नाही म्हणून काम पुढे ढकलत राहणं काय करू शकतं, हे मी त्या दिवसापासून विसरलेली नाही. कर्ज देणाऱ्या संस्थाही तेव्हापासून इमारतीची जास्त कसून चौकशी करतात. असोसिएशनची 60 दिवस किंवा त्याहून जास्त थकबाकी असलेली घरं 15 टक्क्यांच्या वर गेली तर गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांत बसणारं कर्ज अडतं. तुझं अडेल, आणि पुढे तू विकायला काढशील तेव्हा तुझ्या गिऱ्हाइकाचंही अडेल.

आता एक गोष्ट, जी तुझा रिअल्टर सांगणार नाही, कारण त्याला ती सुचणारही नाही. तू एच-वन-बी व्हिसावर आहेस. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत दुसरी शोधायची, व्हिसाची दुसरी काही सोय लावायची किंवा देश सोडायचा. एवढ्या थोड्या दिवसांत घर चांगल्या भावाला विकलं जाईलच असं नाही. अशा वेळी ते भाड्याने देता येणं हाच आधार असतो. पण कितीतरी असोसिएशनांनी भाड्यावर मर्यादा घातल्या आहेत: एकूण घरांपैकी इतकीच भाड्याने, बाकीच्यांनी प्रतीक्षायादीत थांबायचं, किंवा पहिली दोन वर्षं देताच येणार नाही. इथल्या नागरिकाला हा नियम किरकोळ वाटेल. तुझ्यासाठी तो पहिला प्रश्न आहे. मर्यादा असेल, तर घर कितीही सुंदर असलं तरी माझं मत ‘नको’ असंच राहील. ग्रीन कार्ड झाल्यावर अशी घरं पुष्कळ मिळतील.

एकाच मालकाकडे किती घरं आहेत तेही बघ. शिकागोत 85 टक्के मालकीहक्काची मतं पडली तर संपूर्ण इमारत एकाच गुंतवणूकदाराला विकून भाड्याची करता येते. पूर्वी 75 टक्के पुरायचे, 2019 मध्ये शहराने ते वाढवले. पण कुणी आधीच घरं गोळा करत आलेला असेल तर एक दिवस तुझ्या इच्छेविरुद्ध तुझं घर विकलं जाऊ शकतं.

पैशांबद्दल थोडक्यात. दादा डाउन पेमेंटसाठी रक्कम पाठवणार म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत त्याला आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो नंतर त्याच्या करात वळता होतो, तरी तेवढे पैसे त्याच्याकडे मोकळे हवेत. एका वर्षात तुझ्याकडे परदेशातून 1,00,000 डॉलरहून जास्त भेट आली तर तुला अमेरिकेच्या कर खात्याला फॉर्म 3520 भरून कळवावं लागेल. कर नाही, पण न कळवल्याचा दंड जबर आहे. कर्ज देणाऱ्याला ‘ही भेट आहे, कर्ज नाही’ असं दादाचं सहीचं पत्र लागेल. शहराचा ट्रान्स्फर टॅक्स घेणाऱ्याला हजारी साडेसात डॉलर पडतो, म्हणजे 3,20,000 च्या घरावर 2,400. आणि कुक काउंटीत मालमत्ता कर मागाहून भरला जातो, दर तीन वर्षांनी मूल्यांकन बदलतं. विक्रेत्याने गेल्या वर्षी भरलेला आकडा तुझा आकडा समजू नकोस.

भाग ‘वर येतोय’ असं तुला सगळे सांगतील. हे तू सावधपणे ऐक. प्रिंटर्स रोच्या नैर्ऋत्येला, रूझवेल्ट रोडच्या दक्षिणेला ‘द 78’ नावाची 62 एकरांची, वर्षानुवर्षं मोकळी राहिलेली जमीन आहे. तिथे आधी विद्यापीठाचं संशोधन केंद्र येणार होतं, मग बेसबॉलचं मैदान येणार अशी चर्चा झाली, 2025 मध्ये फुटबॉलच्या शिकागो फायरचं स्टेडियम जाहीर झालं. उलट वायव्येकडचं जुनं पोस्ट ऑफिस वीसहून जास्त वर्षं रिकामं पडलं होतं, ते 2019 पासून खरोखर कचेऱ्यांनी भरू लागलं. दोन्ही उदाहरणं खरी आहेत. म्हणून जे आज उभं आहे त्याचीच किंमत मोज: हॅरिसनचं रेड लाइन स्टेशन, हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय, चालत जाण्याजोगं सरोवर. उद्याच्या नकाशाचे पैसे विक्रेत्याला देऊ नकोस.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ही वस्ती आपण येण्याआधी ओसाड नव्हती. इथे स्टेट स्ट्रीटवर पॅसिफिक गार्डन मिशन होतं. 1877 मध्ये सुरू झालेली ही संस्था बेघर माणसांना जेवण आणि निवारा देते. शेजारच्या शाळेच्या विस्तारासाठी 2007 मध्ये तिला कॅनाल स्ट्रीटवर जावं लागलं. स्वस्त खोल्यांची हॉटेलं गेली, त्यांत राहणारी माणसं कुठे गेली याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. मुंबईत गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तेव्हा आपण यावर किती तळमळून बोललो होतो. इथे मालक झालीस की तुला सभांना बोलावतील, आणि ‘भाग स्वच्छ करा’ म्हणताना काही जणांच्या मनात माणसंच असतील. तेव्हा तू गप्प बसू नकोस. तुझ्या घराची किंमत वाढावी असं मलाही वाटतं, पण कुणाचा निवारा हलवून नको.

आता काम. विक्रेत्याने ऑफर मान्य केली की वकिलाने करार तपासायला इथे बहुधा पाच कामकाजाचे दिवस मिळतात. ते फार लवकर संपतात, म्हणून वकील आजच बघून ठेव, आणि तो रिअल्टरने सुचवलेला नसावा. 22.1 चे कागद आणि मिनिट्स आली की मला पाठव. मिनिट्स मी वाचते, बजेट आणि रिझर्व्ह तू वाच, आणि भाड्याचा नियम आपण दोघी मिळून शब्दन् शब्द बघू. तोवर दादाला फोन करून सांग, पैसे अजून पाठवू नकोस म्हणावं. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या