सभेत उभे राहण्यापूर्वी

चि. बाळ यास,



तुझे पत्र पोहोचले. नगरपालिकेत निवडून आल्यानंतरची अंदाजपत्रकाची पहिलीच सभा जवळ आली आहे, पाणीपट्टीच्या वाढीविरुद्ध तुला बोलावयाचे आहे, आणि मित्रमंडळींत अस्खलित बोलणारा तू सभागृहात उभे राहण्याच्या नुसत्या कल्पनेने अस्वस्थ होतोस, हे तू मोकळेपणाने लिहिलेस, याचे मला समाधान वाटले. कारण ज्याला सभेचा धाक वाटतो त्याच्या ठिकाणी श्रोत्यांविषयी आदर असतो, आणि तो आदर नसेल तर कितीही ओघवती वाणी अखेर वाचाळताच ठरते. भय जाण्याचा उपाय तू विचारला आहेस. माझ्या मते सभाधीटपणाची मुळे दोनच आहेत : विषयावरील प्रभुत्व आणि ज्यांच्यासाठी बोलावयाचे त्यांच्याविषयीची आस्था. आवाज, हावभाव, शब्दकळा ही सारी त्यानंतरची.

गांधीजींचे उदाहरण घे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले, आणि प्रतिपक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची वेळ येताच त्यांना एकही प्रश्न सुचेना. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवावयास सांगून ते न्यायालयातून निघून गेले. हेच गांधी १८९३ साली प्रिटोरियाला गेले, तेथील हिंदी लोकांची हलाखी त्यांनी पाहिली, आणि त्या लोकांच्या सभेत व्यापारातील सचोटीवर ते बोलले. आपल्या आयुष्यातील पहिले जाहीर भाषण तेच म्हणावे लागेल, आणि त्या विषयाची आपण बरीच तयारी करून गेलो होतो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. दोन प्रसंगांमधल्या अल्पावधीत त्यांचा स्वभाव पालटला असे म्हणता येणार नाही. पालटले ते चित्ताचे लक्ष्य. ‘मी कसा दिसतो, माझे हसे तर होणार नाही ना’ या विचारात गुंतलेले मन समोरच्या माणसांच्या हिताकडे वळले की जिव्हेवरचे दडपण पुष्कळसे उतरते, हा अनुभव लाजाळू माणसालाही येण्यासारखा आहे.

आता विषयावरील प्रभुत्वाविषयी. तुझे भाषण कराबद्दलचे आहे, म्हणून नामदार गोखल्यांना गुरुस्थानी मान. १८९७ साली लंडनमध्ये, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांनी नुकतीच तिशी गाठली होती. परंतु त्या साक्षीमागे न्यायमूर्ती रानडे यांचे मार्गदर्शन आणि रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकडेशास्त्रज्ञाचे साहाय्य होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल, महसुलाचे तक्ते आणि अर्जांचे मसुदे यांच्यात त्यांनी जी वर्षे घालविली, तीच त्यांच्या वक्तृत्वाची खरी तालीम होय. पुढे २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असलेल्या कायदे कौन्सिलात, खजिन्यातील शिलकेबद्दल सरकारची वाहवा चालली असता, या अभिनंदनात आपणास मनःपूर्वक सामील होता येत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले; रुपयाचा भाव घसरलेला असताना तूट भरून काढण्यासाठी जे कर बसविले होते ते रुपयाचा भाव सावरल्यावरही तसेच वसूल होत राहिले, त्यातूनच ही शिल्लक साठली आहे, आणि हा भार दरिद्री रयतेच्या माथी आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्या भाषणात आक्रोश नव्हता, कोणाची निंदा नव्हती. आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड गेले.

तेव्हा तू प्रथम नगरपालिकेच्या दप्तरातून मागील काही वर्षांचे पाणीखात्याचे जमाखर्च मिळव. वसुली किती, थकबाकी किती व कोणाकडे, गळतीत किती पाणी जाते, दुरुस्तीची तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हा तपशील स्वतः ताडून पाहा. मग तुझ्या वॉर्डात जा. कोणत्या आळीत नळाला पाणी किती वेळ येते, हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांची मजुरी त्यापायी कशी बुडते, ते त्यांच्याच तोंडून ऐक. या दोन्ही गोष्टी हाती आल्या म्हणजे सांगावयाचे काय हा प्रश्न उरणार नाही, निवडावयाचे काय एवढाच उरेल.

निवड करताना तीनपेक्षा अधिक मुद्दे घेऊ नकोस. संपूर्ण भाषण एकदा लिहून काढ, कारण लिहिल्याशिवाय विचारातील फटी दिसत नाहीत. पण सभेत तो कागद वाचू नकोस, एका लहानशा टिपणावर मुद्दे आणि आकडे तेवढे ठेव. आरंभीचे व अखेरचे वाक्य मात्र पक्के पाठ असू दे. खोलीचे दार लावून, उभे राहून, घड्याळ समोर ठेवून मोठ्याने बोल. मनातल्या मनात केलेली उजळणी जिभेच्या उपयोगी पडत नाही. रचनेसाठी आपल्या कीर्तनकारांकडे पाहा : नमन, पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, मध्यंतरी नामघोष, आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला मूर्त करणारे आख्यान. श्रोत्यांच्या बुद्धीला कोठे काम द्यावे आणि कोठे विसावा द्यावा, याचे ज्ञान त्या परंपरेत मुरलेले आहे. तूही आकड्यांमागोमाग त्या आळीतली हकीकत सांग; आकडा पटतो, हकीकत लक्षात राहते.

उभा राहिल्यावर लगेच तोंड उघडू नकोस. एक श्वास घे, अध्यक्षांना संबोधून सावकाश बोलू लाग, आणि शेवटच्या बाकावरच्या सभासदाला ऐकू जाईल असा स्वर लाव. समोर ध्वनिक्षेपक असेल तर आवाज चढविण्याचे कारणच नाही. ‘मी काही वक्ता नाही’ अशी प्रस्तावना करू नये. तीत विनय कमी आणि कालापव्यय अधिक असतो. कोणी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला तर खाली बस, अध्यक्षांचा निर्णय ऐक, आणि सोडलेल्या वाक्यापासून पुन्हा आरंभ कर. माहिती नसेल तेथे ‘तपासून सांगतो’ म्हण, आणि खरोखरच तपासून सांग. प्रतिपक्षाचा युक्तिवाद त्याला स्वतःलाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडून मगच त्याचे खंडन करावे. तसे केलेस म्हणजे विरोधकही तुझे बोलणे कान देऊन ऐकतील.

एक गोष्ट विशेष आस्थेने लिहितो. दोन-चार भाषणे रंगली की टाळ्यांची गोडी लागते, आणि वक्ता श्रोत्यांना रुचेल तेवढेच बोलू लागतो. अशा वेळी २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील डॉ. आंबेडकरांचे भाषण स्मरावे. राज्यघटना पूर्णत्वास जात होती, सभागृह गौरवाच्या मनःस्थितीत होते, आणि त्या क्षणी त्यांनी राष्ट्राला इशारे दिले : राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे नेईल, आणि राजकीय समतेसोबत सामाजिक व आर्थिक विषमता तशीच नांदू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. आनंदाच्या प्रसंगी अप्रिय सत्य बोलण्याचा अधिकार त्यांना वर्षानुवर्षांच्या व्यासंगाने आणि लोकांच्या दुःखाशी असलेल्या नात्याने मिळाला होता.

तो अधिकार आपापल्या क्षेत्रात ज्याचा त्याला मिळवावा लागतो. तुझे क्षेत्र आज एका गावचे पाणी एवढेच आहे. पण ज्यांना सभागृहात उभे राहता येत नाही त्यांचा शब्द तुझ्या मुखातून तेथे जाणार आहे, हे ध्यानात ठेव. पाणीखात्याचे आकडे हाती आले की भाषणाचा मसुदा मजकडे धाड. त्यातील प्रत्येक विधानाला आधार कोणता, हे मी तुला विचारीन, आणि सभेत कोणी विचारण्यापूर्वी त्याचे उत्तर तुझ्यापाशी तयार असावे.

चि. ताईस आशीर्वाद.

तुझा,
मामा