रिपोर्ट वाचून अंथरूण धरू नकोस

अगं, कंबरेचा एमआरआय काढून आलीस आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली, हे कळलं मला. कागदावर 'डिस्क बल्ज', 'डिजनरेटिव्ह चेंजेस' असं आलं आणि शेजारपाजारचं कुणीतरी 'मणका घासला, आता ऑपरेशनच' असं म्हणून मोकळं झालं. आता माझं ऐक.

कंबर अजिबात दुखत नाही अशा ३११० माणसांच्या तपासण्या संशोधकांनी एकत्र करून पाहिल्या. २०१५ मध्ये तो अभ्यास अमेरिकेतल्या एका रेडिओलॉजीच्या नियतकालिकात छापून आला. विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची मणक्यांमधली चकती, म्हणजे डिस्क, फुगलेली निघाली. झिजेच्या खुणा तर विशीत ३७ आणि पन्नाशीत ८० टक्क्यांना होत्या. दुखणं मात्र एकालाही नव्हतं! केस पिकावेत तशी ही झीज. मशीन मणक्याचा आकार दाखवतं, वेदना दाखवत नाही. म्हणून नुसत्या कागदावरून आजार ठरत नाही. तुझ्या पाठीला हात लावून, पाय उचलायला लावून डॉक्टर जे सांगतील, ते आणि कागद मिळून ठरतो.

खरा घात भीती करते. वाकलं तर मणका सरकेल म्हणून बाई वाकणं सोडते, चालणं सोडते. स्नायू ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. आपल्या वसमतकडं हळद काढायची, शिजवायची, वाळवायची म्हणजे दिवसदिवस वाकून काम. त्या दिवसांत कंबर धरणारच. जड उचलणं थोडं कमी कर, पण चालणं थांबवू नकोस. त्यात सोयाबीन पाण्यात गेलेलं, कर्जाचा घोर, रात्रीची जाग, यानंही तीच कळ दुप्पट वाटते. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस, तोही दुखण्याचाच भाग आहे.

पुन्हा कधी एमआरआयची वेळ आली, तर मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना घरीच काढून ठेव. सासूबाईंना अशुभ वाटेल, तर त्यांना आतलं चुंबक किती जबर असतं ते सांग. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण मशीनकडं ओढला गेला आणि जिवाला मुकला. अंगात पेसमेकर किंवा धातूचं काही बसवलेलं असेल, तर आधीच सांगायचं. एक्स-रे, सीटी स्कॅनसारखी किरणं मात्र एमआरआयमध्ये नसतात. आवाज मोठा असतो, बोगद्यात जीव घुसमटतो. आत जाण्याआधीच डोळे मिट, कानाला बोळे माग आणि हातात देतात तो रबरी फुगा दाबला की बाहेर काढतात, हे लक्षात ठेव.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नकोस: लघवी-संडासवर ताबा न राहणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं, दुखण्यासोबत ताप येणं किंवा कारण नसताना वजन उतरणं. एरवी डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: हे माझ्या वयाला साहजिक आहे का, याचा माझ्या कळेशी संबंध आहे का, आणि मी कोणतं काम करू शकते? तेवढ्यासाठी दर वेळी नांदेड गाठायला नको, २०२४ पासून हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि मनच उठेना, रात्र सरेना, तर १४४१६ वर फोन लाव. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. रिपोर्ट फाईलला लाव आणि उद्यापासून सकाळी चालायला लाग.