रानाचा राखणदार कोण?

विद्यार्थिमित्रांनो, आपले नागपूर हे रानांच्या वर्तुळात वसलेले नगर आहे. उत्तरेस पेंच, आग्नेयेस उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नैऋत्येस बोर, पूर्वेस नवेगाव-नागझिरा आणि दक्षिणेस ताडोबा-अंधारी ही संरक्षित अरण्ये इतकी जवळ आहेत की, सकाळी घरून निघालेला मनुष्य दुपारच्या आत त्यांपैकी कोणत्याही एकास पोहोचू शकतो. २००६ सालच्या अंदाजाप्रमाणे महाराष्ट्रात १०३ वाघ होते; २०२२ साली तो आकडा ४४४ झाला. ही वाढ आनंदाची खरी. परंतु वाघ वाढले म्हणून रान वाढले असे नव्हे. तेव्हा या रानाचे व त्यातील जीवांचे राखण कोणी करावयाचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही योजिला आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की, अरण्याभोवती सीमा आखली आणि पहारेकरी नेमले म्हणजे काम संपले. हे पहारेकरी अवश्यच आहेत. त्यांच्यावाचून आज वाघ उरता ना. पण सीमा ही मनुष्याने कागदावर काढलेली रेषा असते. पेंचचे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले, १९९९ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पण त्या उद्यानाचे क्षेत्र अवघे २५७ चौरस किलोमीटर आहे. वयात आलेल्या वाघास स्वतःचे स्वतंत्र क्षेत्र लागते. ते जन्मस्थानी न मिळाल्यास तो बाहेर पडतो. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा सुप्रसिद्ध वाघ २०१३ साली असाच नद्या, शेते व रस्ते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यास आला, आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणास दिसला नाही. नागपूर-शिवनी मार्गावर पेंचच्या परिसरात रस्ता उचलून घेऊन श्वापदांसाठी त्याखालून नऊ वाटा ठेविल्या आहेत. वाघ व चितळ त्यांतून जाताना छायायंत्रांनी टिपले आहेत. ही योजना स्तुत्यच होय. पण पुलाच्या पलीकडे रानच उरले नाही, तर ती वाट कोठे नेणार? दोन अभयारण्यांमधील रान हे बहुतेक ठिकाणी गावांच्या शिवारास लागलेले असते. म्हणून वाघाचे भवितव्य त्या गावांच्या हाती आहे.

आता त्या गावांची बाजू पाहू. चैत्रात मोहफुले आणि त्यानंतर तेंदूची पाने वेचणे ही पूर्व विदर्भातील हजारो कुटुंबांची रोख मिळकत होय. हे काम पहाटे व वाकून करावयाचे असते, आणि हीच वेळ व हीच स्थिती सर्वांत धोक्याची. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या एकाच हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. शासन नुकसानभरपाई देते. पण पैशाने घरची आई परत येत नाही. वाघ राखण्याचे श्रेय सर्व देशाने घ्यावे आणि त्याची किंमत मात्र रानाकाठच्या माणसाने द्यावी, हा न्याय नव्हे. ज्यास रानापासून केवळ भय मिळते व रानावर हक्क काहीच नाही, तो रानाचा मित्र कसा होईल?

या प्रश्नाचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने दिले आहे. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध त्या भागात मोठी चळवळ झाली. तिच्यातून हे गाव स्वतःच्या रानाचा विचार करू लागले. गावचे पुढारी देवाजी तोफा व त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहाय्याने दोन गोष्टी रुजल्या. पहिली, ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने घ्यावयाचा. एकाचाही विरोध असल्यास चर्चा पुढे चालू ठेवावयाची. दुसरी, निर्णयापूर्वी विषयाचा अभ्यास करावयाचा व त्यासाठी अभ्यासगट चालवावयाचा. पोळ्याखाली जाळ करून माश्या मारण्याऐवजी केवळ मधाचा भाग कापून घ्यावा, म्हणजे मधही मिळतो व माश्याही जगतात, ही रीत अशाच अभ्यासातून गावाने उचलली.

पूर्वी त्या प्रदेशातील बांबू सरकारी पट्ट्याने कागदगिरणीकडे जाई आणि गावकऱ्यांच्या वाट्यास तोडणीची मजुरी तेवढी येई. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्याअन्वये २००९ साली मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबू हे गौण वनोपज असे कायद्यात स्पष्ट असूनही वाहतुकीचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून किती बांबू तोडावा व किती राखावा, हे ठरविणे गावाकडे आले.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याचे पाचगाव याहून एक पाऊल पुढे गेले. २०१२ साली त्यास सुमारे १,००० हेक्टर रानावर हक्क मिळाला. बांबूपासून उत्पन्न येऊ लागताच ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले. कारण असे की, पाने भरपूर फुटावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटतात व जमिनीवर आग लावितात. त्या आगीत रोपे जळतात, तसेच जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नष्ट होतात. छाटणी थांबली तेव्हा झाडांस फळे धरू लागली. ती माणसेही खातात व पशुपक्षीही. शिवाय सुमारे ३४ हेक्टर रान देवराई म्हणून गावाने पूर्णपणे अस्पर्श ठेविले. हे कोणा अधिकाऱ्याच्या हुकमाने झाले नाही, हे ध्यानात घ्यावे.

यावरून प्रत्येक गाव असेच वागेल, असे अनुमान काढणे उतावीळपणाचे होईल. एकजूट नसेल तेथे हक्क मिळूनही रान उजाड होऊ शकते. शिवाय गावास हक्क मिळाला म्हणून वाघ तेथील माणसास ओळखू लागत नाही. त्यासाठी समूहाने रानात जाणे, गुरे रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवणे, जळणाची दुसरी सोय करणे हे उपाय करावेच लागतात. ताडोबाभोवतीच्या गावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद पथके वाघ गावाजवळ आल्यास गर्दी आवरण्याचे काम करितात, तेही याच जातीचे. परंतु हे सर्व उपाय तेव्हाच टिकतात, जेव्हा गावास रान आपले वाटते. परक्याच्या मालमत्तेसाठी कोणी रात्र जागत नाही.

पालकहो, सुटीत मुलांस वाघ दाखविण्यास आपण अवश्य न्यावे. पण परतताना अरण्याच्या वेशीवरील एखाद्या गावात घटकाभर थांबावे, आणि तेथील माणसे काय वेचतात, काय विकतात, रात्री गुरे कोठे बांधतात, हे मुलांस विचारू द्यावे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या वनाधिकारी होईल, कोणी अभियंता होऊन रस्ते आखील, कोणी न्यायासनावर बसेल. त्या वेळी नकाशावरील हिरव्या रंगाकडे पाहताना त्याच्या कडेस वसलेल्या माणसांस विसरू नका. आपण वाघ पाहून घरी परततो. त्यांना मात्र त्याच्या शेजारीच राहावयाचे असते.