समोरची गाडी जोखताना

लायसन हातात आलं, स्कूटर दारात लागली. आता सिल्वासाहून मसाटच्या कंपनीत तू बसची वाट बघत थांबणार नाहीस, हे मला दिसतंय. ब्रेक-ॲक्सिलरेटर शिकवणारे तुला पुष्कळ भेटले. मी उभा जन्म टेम्पोच्या स्टिअरिंगवर काढला, तेव्हा मामा म्हणून डोळ्यांबद्दल चार गोष्टी सांगतो.

लांबून नाकासमोर येणाऱ्या गाडीचा वेग आपल्याला कळत नाही, हे आधी पक्कं धर. आडवी जाणारी गाडी मागची झाडं ओलांडत जाते, म्हणून तिचा वेग दिसतो. समोरून येणारी मात्र जागच्या जागी मोठी होत जाते, तेवढाच काय तो पुरावा. हिशोब करून बघ. ट्रक अडीच मीटर रुंद, ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. तो 200 मीटरवर असताना एका सेकंदात जेमतेम नऊ टक्के मोठा दिसतो. 50 मीटरवर आला की एका सेकंदात दीडपट, आणि त्याच्या पुढच्या सेकंदात त्याचीही दुप्पट. अपघातानंतर लोक म्हणतात, ‘कुठून आला कळलंच नाही.’ अगं, तो मघापासून त्याच वेगाने येत होता!

डेव्हिड ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1976 साली याचं गणित मांडलं. अंतर माहीत नसलं, वेग माहीत नसला, तरी समोरची आकृती आत्ता केवढी दिसते आणि किती झपाट्याने वाढते, या दोहोंवरून धडकेला किती वेळ उरला ते निघतं. ड्रायव्हर लोक ब्रेक लावताना बहुधा तेच करतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. पण ही वाढ डोळ्याला दिसेल इतकी हवी ना!

आता मोटरसायकलचं. हँडल धरून ती 70 सेंटिमीटर रुंद. 200 मीटरवरचा ट्रक जेवढा रुंद दिसतो, तेवढी ती 56 मीटरवर दिसते. वेग दोघांचा 60 असेल तर ट्रक तुझ्यापर्यंत यायला 12 सेकंद, मोटरसायकलला साडेतीनसुद्धा नाहीत. मोठ्या गाडीला सगळे बिचकतात, बारकीला ‘आहे अजून लांब’ म्हणून आडवे जातात. आणि उद्यापासून इतरांच्या डोळ्यांत ती बारकी गाडी तूच आहेस, हे विसरू नकोस.

रात्री तर विचारूच नको. दोन दिवे असले की त्यांच्यातलं अंतर फाकत जातं, त्यावरून काही अंदाज येतो. एकच दिवा नुसता दिवा राहतो. शिवाय तो मोटरसायकलचा असेलच असं नाही. एक दिवा गेलेले ट्रक आपल्याकडे काय कमी आहेत? त्यातला जिवंत दिवा डावा की उजवा तेही कळत नाही, म्हणून एकटा दिवा दिसला की आपण डावीकडे सरकायचं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटताच असतो. त्याने तू दिसशील, तुझा वेग मात्र दिसणार नाही.

कंपन्यांच्या गेटातून, आडरस्त्यांवरून टेम्पो निघतात, तिथे खलाशांची जुनी खूण वापर. तू सरळ एका वेगाने चाललीयस आणि बाजूचा टेम्पो तुझ्या आरशाच्या कडेला एकाच जागी खिळून फक्त मोठा होतोय, तर तुमची गाठ ठरलेली. तो मागे सरकताना दिसला तर तू आधी निघशील, पुढे सरकला तर तो. खिळलेला दिसला की ॲक्सिलरेटर सोड. हॉर्न नंतर.

शाळा सुटायच्या वेळी मुलं आडवी आली तर तोंड सोडू नकोस. ब्रिटनमध्ये 2011 साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ताशी 30 किलोमीटरच्या वर येणारी गाडी जवळ येतेय हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना भरवशाने ओळखता येत नाही. पोरं वेंधळी नसतात, त्यांचे डोळे अजून तयार व्हायचे असतात. वेग तू कमी करायचा.

रोज जिथे रस्ता ओलांडून वळायचंय, तिथे एक दिवस गाडी बाजूला लावून उभी राहा. पलीकडे जायला किती वेळ लागतो ते मोज. समज पाच सेकंद. ताशी 80 ने येणारी गाडी तेवढ्यात 110 मीटर कापते. मग त्याच्या दुपटीवरचा एखादा खांब, झाड, टपरी हेरून ठेव. गाडी त्या खुणेच्या अलीकडे आली असेल तर थांबायचं. किती हळू दिसते, समोरचा हात दाखवतोय, मागचा हॉर्न मारतोय, काही बघायचं नाही. धुक्यात-पावसात सगळं फिकट दिसतं आणि फिकट दिसणारी वस्तू हळू चाललीय असं वाटतं. शिवाय ओल्या रस्त्यावर ब्रेकही लवकर लागत नाही. तेव्हा जुलैत तो खांब सोडून त्याच्या पलीकडचा धर.