खोऱ्यातून ऑनलाइन शिकायचं असेल तर

आहुपे खोऱ्यात आरोग्य उपकेंद्रावर काम करताना सार्वजनिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास करायचं मनात आलं ते माळीणमुळे. ३० जुलै २०१४ला त्या गावावर डोंगर खचला, १५१ माणसं गेली. बाहेर खबर गेली ती एसटीच्या चालकाला जागेवर गावच दिसेना तेव्हा.

इथे पाऊस लागला की लाइट जाते. मग टॉवरची बॅटरी उतरते, रेंज जाते, रुग्णवाहिकेच्या १०८ला फोन लागत नाही. नळयोजनेचा पंप बंद पडला की बायका ओढ्याचं पाणी भरतात आणि जुलाबाचे पेशंट सुरू होतात. या साखळीत आधी काय सांभाळायचं, हे मला शिकायचं होतं.

एका खासगी संस्थेचा प्रतिनिधी फोनवर म्हणाला, "मॅडम, यूजीसी मान्य आहे, घरबसल्या होईल." पहिला हप्ता भरल्यावर कळलं की वर्ग रोज संध्याकाळी लाइव्ह आणि हजेरी सक्तीची. ऐन आषाढात रेंज गेली की गैरहजेरी. रेकॉर्डिंग द्यायला नकार. माहितीपत्रकावर विद्यापीठाचं नाव होतं, पण यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रमच नव्हता. पैशांचं विचारलं की अजूनही "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर मिळतं.

म्हणून सांगते, फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. ती यादी स्वतः उघडा. विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही जुळली पाहिजेत. मान्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना २०२४पासून याच विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो कोणी मागतच नसेल तर तिथेच थांबा. माझ्या मते खोऱ्यातल्या माणसाला छापील पुस्तकं आणि केंद्रावरची परीक्षा जास्त सोयीची. इग्नूची आपत्ती व्यवस्थापनाची पदविका तशी आहे.

अभ्यासक्रमात पिण्याच्या पाण्याचा विषय किती आहे, तेही बघा. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव भागात जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोमची) साथ आली, तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. आमच्याकडे विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की काम झालं असं समजतात. खरं तर शेवटच्या घराच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकायचे. पिवळी झाक आली तर क्लोरीन तिथवर पोचलं. नाही आली तर पावडर ओल लागून निकामी झालेली असते, कमी पडलेली असते, नाहीतर वाटेत पाइप फुटून घाण शिरलेली असते. आपल्याच गावच्या अशा तपासणीवर प्रकल्प करू देणारा अभ्यासक्रम मिळाला तर तोच घ्या.

आणि फी परतीचा नियम, रेकॉर्डिंगची सोय, परीक्षेचं ठिकाण हे सगळं पैसे भरण्याआधी ईमेलवर लेखी मागा. चार दिवसांत लेखी आलं नाही तर दुसरीकडे चौकशी करा.