बांधावरील बिळांत राहणारा कोळी

भाद्रपद-आश्विनांत पहांटे शेताच्या बांधावरून चाललें असतां दंवानें पांढरीं झालेलीं, हातरुमालाएवढीं जाळीं गवतांत जागोजाग पसरलेलीं दिसतात. ऊन वर आलें कीं तीं दिसेनाशीं होतात व शेतकरीही तीं विसरून जातो. असें एखादें जाळें वांकून पाहिल्यास त्याची एक बाजू नरसाळ्याप्रमाणें निमुळती होत जमिनींतील भेगेंत किंवा बिळांत उतरलेली आढळेल. नरसाळ्याच्या तोंडाशीं करड्या-तपकिरी रंगाचा एक कोळी दबा धरून बसलेला असतो. ह्यास प्राणिशास्त्रांत हिप्पासा म्हणतात. भारतापासून तैवानपर्यंत आढळणारी ह्याची एक जात सिमाँ नामक फ्रेंच शास्त्रज्ञानें १८८४ मध्यें प्रथम वर्णिली.

हा प्राणी लांडगा-कोळ्यांच्या कुळांतला होय. ह्या कुळांतील बहुतेक कोळी जाळें विणीत नाहींत. भक्ष्य दिसतांच धांवून झडप घालतात, म्हणून हें नांव. हिप्पासानें मात्र बीळही राखिलें आहे आणि जाळेंही. डोळे आठ, तीन ओळींत. रात्रीं कपाळाजवळ बॅटरी धरून बांधाकडे पाहिल्यास ते हिरवट चमकतात. मादी अंड्यांची गोल पिशवी शरीराच्या मागील टोकास चिकटवून जेथें जाईल तेथें वाहून नेते, आणि पिलें निघालीं कीं तीं तिच्या पाठीवर चढून बसतात. इतका सांभाळ कीटकांतही विरळाच. आणि कोळी तर कीटकही नव्हे, कारण त्यास पाय आठ, पंख मुळींच नाहींत.

जाळ्याचे धागे चिकट नसतात. तुडतुडा, नाकतोडा किंवा पतंग त्यावर पडला कीं होणारी थरथर कोळ्यास पायांनीं कळते. तो झेपावून दंश करितो, सावज नरसाळ्यांत ओढून नेतो व त्यांतील रस शोषून घेतो. खोडांत शिरलेली अळी त्याच्या आवांक्याबाहेर असते, परंतु तिची आई, म्हणजे पतंग, तशी नाहीं. मधमाशी सांपडली तर तिचीही तो गय करीत नाहीं. तेव्हां त्यास शेतकऱ्याचा नोकर समजूं नये, शेजारी समजावें.

ह्या शेजाऱ्यास आपण दोन रीतींनीं घालवितों : बांध जाळून, आणि दिसेल त्या किडीवर जालीम औषध फवारून. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें कोळ्यांस फार घातक असतात. इंडोनेशियांत भातावर औषधांचा मारा वाढला तसे तपकिरी तुडतुडे कमी न होतां उलट वाढले, कारण त्यांस खाणारे कोळी व इतर शत्रु आधीं मेले. अखेर १९८६ मध्यें तेथील सरकारनें भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. तेथील प्रमुख भक्षक पार्डोसा हा आपल्या हिप्पासाचाच कुळबंधु आहे.

बांधावर गवत ठेविलें तर उंदीर माजतात, अशी तक्रार होईल, आणि ती खोटी नाहीं. परंतु उंदराच्या बिळापाशीं उकरलेल्या मातीचा ढीग असतो, कोळ्याच्या बिळाशीं रेशमी नरसाळें. दोन्ही ओळखणें कठीण नाहीं. उंदरांचीं बिळें निराळीं बुजवावीं. गवत कापावयाचें तर अर्धा बांध आज, उरलेला पंधरवड्यानें कापावा, म्हणजे कोळ्यांस आसरा राहतो. किडीचा जोर बेताचा असेल तेथें प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. तो कोळ्यांस पायरेथ्रॉइडापेक्षां पुष्कळच सौम्य आहे. बांधावर मात्र कोणतेंही औषध पडूं देऊं नये.

आपल्या बांधाची स्थिति पहावयाची तर फवारणीपूर्वीं एका दंवाच्या सकाळीं शंभर पावलें चालून जाळीं मोजावीं व आंकडा वहींत लिहावा. पंधरा दिवसांनीं तशाच सकाळीं, त्याच शंभर पावलांत पुन्हां मोजावीं.